बोटीचं नाक वर, बूड पाण्यात: पुढे वजन टाकू का?

शीडफाटका (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार, हा धागा कोणत्या विभागात काढावा कळेना म्हणून छंद मधे टाकतोय, संपादकांनी हलवला तरी चालेल.

तर गेल्या वर्षी आम्ही एक जुनी शिडाची बोट घेतली, कॅटलिना २२. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही अमेरिकेतली मारुती ८०० समजा, १९६९ पासून पंधरा हजारांच्या वर निघाल्यात, त्यामुळे पार्ट मिळतात आणि सल्ले तर न मागता मिळतात. माझी १९८४ ची, खाली वर-खाली होणारी लोखंडी कील आहे (बोटीच्या पोटाखालचा जड पंखा, अडीचशे किलोचा), लांबी साधारण साडेसहा मीटर. सॅन फ्रान्सिस्को बेमधे चालवतो, बहुतेक वेळा रेडवूड सिटीच्या बाजूला, आणि अंगात आलं की बर्कलीपर्यंत.

प्रॉब्लेम असा की बोट मागे बसते. म्हणजे धक्क्यावर रिकामी उभी असताना ठीकच दिसते, पण आम्ही तिघं (मी, बायको, मित्र) कॉकपिटमधे, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेत, बसलो की मागचा आडवा फळा पाण्यात बुडतो आणि पुढचं नाक वर जातं, उंदीर बघून सावध झालेल्या मांजरासारखं. कॉकपिटमधलं पाणी बाहेर जायला जी भोकं आहेत त्यातून उलटं पाणी आत येतं, बायकोच्या चपला तरंगल्या एकदा. चालताना मागे गुळगुळ गुळगुळ आवाज येत राहतो, जणू कोणी चूळ भरतंय. आणि हलक्या वाऱ्यात टॅक करायला (नाक वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या बाजूने घ्यायला) गेलो की नाक वाऱ्यात अर्धवट येतं, तिथेच थबकतं आणि परत जुन्या बाजूला पडतं. आजूबाजूचे लोक बघत असतात.

माझ्या मते सगळा दोष नवीन मोटरचा आहे. जुनी टू-स्ट्रोक होती २० किलोची, ती गेली म्हणून फोर-स्ट्रोक घेतली ती २७ किलोची, आणि ती अगदी मागच्या टोकाला लटकते.

उपाय म्हणून मी पुढच्या त्रिकोणी बिछान्याखाली वाळूच्या दोन पिशव्या टाकल्या, १५-१५ किलोच्या. रेडवूड सिटीत सपाट पाण्यात फरक पडला, गुळगुळ कमी झाली, टॅक होतात. मग खूश होऊन बर्कलीला गेलो तर तिथल्या आखूड उभ्या लाटांत बोट अशी काही डोलायला लागली की विचारू नका, नाक लाटेत घुसायचं, मग वर, मग धप्प, शिडातला वारा हलून जायचा आणि वेग संपायचा. वर टिलर (सुकाणूचा दांडा) असा ओढत होता की दंड भरून आला.

तर प्रश्न: वजन वाढवू, कमी करू, की दुसरीकडे हलवू? कुणाला अनुभव?

---

दहाहजारतळी

अरे वा, शिडाच्या बोटीचा धागा! मी मिनेसोटात, माझ्याकडे वेस्ट वाइट पॉटर १५. पुढे वजन टाकणे हा अगदी बरोबर उपाय आहे, घाबरू नकोस. माझी बोट सव्वादोनशे किलोच्या आतली, त्यात मी एकटाच ८८ किलोचा मागे बसणार, वर मोटर, पेट्रोल, म्हणजे बोटीच्या निम्म्याच्या आसपास वजन मागच्या एक तृतीयांशात. मी डोलकाठीच्या पुढे २० लिटरचा पाण्याचा कॅन ठेवतो, झालं काम. तीन उन्हाळे झाले, एकही तक्रार नाही.

(ही बोट स्टॅन्ली स्मिथची, ज्याने १९४९ मधे भावाला घेऊन २० फुटी बोटीतून अटलांटिक पार केला होता. त्या दोघांनी नाकात वाळू टाकली होती का, देव जाणे.)

---

अवांतरवादी

आंग्र्यांच्या गुराबांना (लढाऊ गलबतांना) तर नाळेवर, म्हणजे नाकावर, तोफा असायच्या, नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या, दोन, थेट पुढे मारा करणाऱ्या. त्यांना कोणी सांगितलं नाही वाटतं की पुढे वजन टाकू नये 😀

---

खांदेरी

@अवांतरवादी, गुराब दीडशे-तीनशे टनांची असायची हो, तिला दोन तोफा म्हणजे तुमच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा. आणि त्या तोफांसाठीच तर तिची पुढची बांधणी तशी. इथे टनभराच्या होडीचं चाललंय.

शीडफाटकाभाऊ, मी थळचा. आमच्यात तीन पिढ्या मच्छीमारीच्या, आता मशीनवर आहोत पण आजोबांचा शिडाचा मचवा मी लहानपणी पाहिलाय, बसलोय त्यात. तुम्ही ज्याला पुढचं वजन म्हणताय त्याला आमच्याकडे नीरम म्हणतात, मुद्दाम भरलेलं वजन. रिकाम्या होडीत दगड भरायचे. पण आजोबा ते दगड कधीही नाळेत ठेवू देत नसत. काठीच्या बुडाशी, तळाला, पठाणाच्या (तळाच्या कण्याच्या) दोन्ही बाजूंना बसवायचे, हलू नयेत म्हणून मधे सुतळीच्या जाळ्याचे बोळे. मी एकदा पुढे ठेवला होता एक दगड, बसायला उंच पाहिजे म्हणून, तर कान पिळला. म्हणाले नाळेला हलकं ठेव, तिला लाट बघायची असते.

दुसरं, वजन टाकण्याच्या आधी बोट आतून कोरडी आहे का बघितलीत का? मागे पाणी साठलेलं असलं तर तुम्ही पाण्याला वाळूने तोलताय.

---

शीडफाटका

खांदेरीदादा, "तिला लाट बघायची असते", हे फारच आवडलं. पाण्याचं बघतो, मागच्या लॉकरच्या खाली हात जात नाही, पेट्रोलची टाकी काढावी लागेल.

@दहाहजारतळी, कॅन काठीच्या *पुढे* म्हणजे किती पुढे?

---

दहाहजारतळी

काठीला टेकूनच. पॉटरमधे त्याच्या पुढे जागाच कुठेय.

---

आडवं_गणित

प्रतिसाद लांबणार आहे, चहा घेऊन बसा. मी गोदीत जहाजांच्या आराखड्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त, त्यामुळे वेळ आहे आणि कागदही.

बोट पाण्यावर तराजूसारखी असते, पण तिचा काटा डोलकाठीपाशी नसतो, पाण्याच्या पातळीवर बोटीचा जो आकार कापला जातो त्याच्या मध्याशी असतो. तुमच्या बोटीत तो मागच्या फळ्यापासून साधारण २.९ मीटरवर धरू. त्याच्यापासून कुठलंही वजन जितकं लांब, तितकी त्याची ताकद जास्त: किलो गुणिले मीटर. आता बोट किती झुकेल हे पाण्याशी भिडलेल्या लांबीवर अवलंबून असतं आणि ते घनाने वाढतं, म्हणून पॉटर आणि कॅटलिना यांची तुलना करू नये, ५.९ मीटरच्या पाणरेषेची बोट साडेतीन-चार मीटरवालीपेक्षा कैकपट हट्टी. मी तुमच्या बोटीचा आकार ढोबळ धरून हिशेब केला तर ३० किलो-मीटरला एक सेंटीमीटर असं उत्तर येतं, म्हणजे नाक आणि बूड यांच्यातला एकूण फरक एक सेंटीमीटर.

आता तुमची आरोपी मोटर घ्या. नवीन मोटर जुनीपेक्षा ७ किलोने जड, काट्यापासून ३.२ मीटर मागे. सात गुणिले ३.२ म्हणजे २२. पाऊण सेंटीमीटरसुद्धा नाही! तुम्ही जिच्या नावाने बोटं मोडताय तिचा वाटा एवढाच.

मग बोट बसते कशाने? तुम्ही तिघांनी. सरासरी ७० किलो धरले, सरासरी दीड मीटर मागे, झाले ३१५. साडेदहा सेंटीमीटर.

वाळूच्या ३० किलोंनी, अडीच मीटर पुढे, तुम्हाला मिळाले ७५, म्हणजे अडीच सेंटीमीटर. आणि तुमच्यातला एक जण कॉकपिटच्या मागच्या कोपऱ्यातून उठून पुढे केबिनच्या भिंतीला टेकून बसला, म्हणजे जेमतेम १.१ मीटर सरकला, तर ७७ मिळतात. एका माणसाचं बूड हललं की दोन्ही पिशव्यांचं काम होतं, तेही बोट एक ग्रॅमनेही जड न होता.

आता बर्कलीत काय झालं ते. झुकण्यासाठी अंतर साधं मोजलं जातं पण डोलण्यासाठी अंतराचा वर्ग. अडीच मीटरवरचे ३० किलो म्हणजे १८७. तेच ३० किलो काठीच्या बुडाशी, म्हणजे काट्याच्या जेमतेम पाऊण मीटर पुढे ठेवले असते तर १७. अकरा पट फरक. झोपाळ्याच्या दोन टोकांना पोरं बसवा आणि मग मधे बसवा, हलवून बघा, हाताला कळेल. टोकाला वजन असलं की बोट लाटेबरोबर चटकन उठत नाही, उशिरा उठते, उठली की गरजेपेक्षा जास्त उठते आणि पुढच्या लाटेच्या वेळी खाली येत असते. खांदेरींच्या आजोबांनी हे एका वाक्यात सांगितलं, मला एवढा परिच्छेद लागला.

---

खांदेरी

गणितकाका _/\_ . आजोबा असते तर म्हणाले असते, एवढं लिहिण्यापेक्षा कान पिळ.

---

ऑप्टीवाली

उशिरा आले पण आलेच. मी कुलाब्याला ऑप्टिमिस्टमधे शिकले, ती साधारण २.३ मीटरची डब्यासारखी बोट असते ना लहान मुलांची, ३५ किलोची, त्यात मूल हेच सगळं वजन. आमचे सर दुसरं काही बोलायचेच नाहीत, दिवसभर एकच, "पुढे सरक! पुढे सरक!" हलक्या वाऱ्यात मागचा फळा पाण्यातून सुटला पाहिजे, सुटला की पाणी मागे शांतपणे निघून जातं, बुडाला असेल तर बोट आपल्यामागे पाणी ओढत चालते. दादा, तुमची ती चूळ भरल्यासारखी गुळगुळ म्हणजे तेच. कानाने ट्रिम (बोटीचा पुढे-मागे तोल) करता येते, गुळगुळ थांबेपर्यंत पुढे सरकत जा आणि थांबली की बसा. वारा पाठीमागून घेऊन जाताना तो जोराचा असेल तर उलटं, मागे सरका नाहीतर नाक खुपसेल.

पण एक स्पष्ट सांगते, राग नको. हलक्या वाऱ्यात टॅक न होणं हे दर वेळी वजनामुळे नसतं. तुम्ही टिलर झटकन पूर्ण ढकलताय का? तसं केलं की सुकाणूच ब्रेकसारखं बोट थांबवतं. आधी वेग घ्या, दोन-तीन बोटीच्या लांबी सरळ पळवा, मग टिलर हळू सुरू करा आणि वाढवत न्या. जिब (पुढचं शीड) लगेच सोडू नका, ती क्षणभर उलटी भरू द्या, नाक ती स्वतःच पलीकडे ढकलते.

आणि टिलर ओढण्याचं, काका, तुम्ही ते सांगितलंच नाही! नाक खाली गेलं की पाण्यात पुढचा भाग जास्त रुततो, म्हणजे पाण्याची पकड पुढे सरकते, शिडांचा जोर मात्र होता तिथेच, म्हणून बोट सारखी वाऱ्याकडे वळायला बघते. बर्कलीला दुपारी वारा वीस-बावीस नॉट असतो ना? त्यात पूर्ण मेनसेल (मोठं शीड), बोट कलंडलेली, वर नाकात वाळू. दंड भरून येणारच. मेन रीफ करा (दुमडून लहान करा) आधी, बोट सरळ उभी ठेवा.

---

आडवं_गणित

ऑप्टीवालीताई, मान्य. विसरलो नव्हतो, चहा संपला होता.

---

शीडफाटका

एकेकाला उत्तर देतो. ऑप्टीवाली, राग कसला, मी टिलर अगदी बसचं हँडल ओढावं तसा ढकलतो. कुणी सांगितलंच नाही.

काका, मोटरचा पाऊण सेंटीमीटर वाचून बायको जोरात हसली कारण मी तीन महिने मोटरला शिव्या देतोय.

आणि खांदेरीदादा, बसा खाली. आज टाकी काढली. तिच्याखाली तळाला, जिथे कधीच कुणी बघितलं नसणार, काळं पाणी. स्पंजने पिळून बादलीत भरलं, मोजलं, १४ लिटर! वरून लॉकरच्या झाकणाचं रबर फाटलंय, पावसाचं पाणी तिथून गेलंय. त्यात एक स्क्रू-ड्रायव्हर आणि कुणाचा तरी चष्मा पण मिळाला.

---

खांदेरी

चष्मा जुन्या मालकाचा असणार. त्याला पाणी दिसलं नाही ते त्यामुळेच.

रबर बदला, नुसतं पुसून सोडू नका. आणि धक्क्यावर बोट लेव्हल बघायची असेल तर आमची पद्धत, तांब्याभर पाणी मधोमध डेकवर ओता, कुठे पळतं बघा. डेकला बाक असतो म्हणून पहिल्यांदा रिकाम्या बोटीत ओता, मग माणसं बसवून ओता, फरक बघायचा.

---

दहाहजारतळी

मला वाटतं इथे सगळे पुढच्या वजनाच्या मागेच लागलेत. अरे तळ्यात एकटा माणूस सपाट पाण्यात फिरत असेल तर पाण्याचा कॅन हा उत्तम उपाय आहे आणि राहील. एकट्याने पुढे सरकून टिलर कसा धरायचा? पाणी का, तर कॅन फुटला तरी बोटीतलं पाणीच वाढतं, बोट भरलीच तर कॅन तिला खाली ओढत नाही, आणि ट्रेलरवर चढवायच्या आधी ओतून टाकता येतं. वाळू मात्र कधीच नाही रे बाबा. पिशवी ओली होते, बुरशी येते, फाटली की पंपाची वाट लागते.

---

ऑप्टीवाली

एकट्याने टिलर धरायला टिलर एक्स्टेंशन असतं की! आडवी नळी, सांधा असलेली, डिंगीवाले सगळे वापरतात, ती लावली की दीड हात पुढे बसून सुकाणू हाकता येतं.

कॅनला विरोध नाही, पण तो बांधा. सुटं वजन बोटीत ठेवायचं नाही. बोट आडवी झाली तर १५ किलोची पिशवी घरंगळून खालच्या बाजूला जाणार, म्हणजे ज्या बाजूला बुडायला निघालात त्याच बाजूला.

---

अवांतरवादी

वाळूऐवजी नांगराची साखळी पुढे ठेवली तर? तशीही लागतेच ना. एका दगडात दोन पक्षी.

---

आडवं_गणित

अवांतरवादी, पहिल्यांदाच सवांतर बोललात. ८ मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे १.४ किलो, दहा मीटरची १४ किलो. नांगर टाकताना ती उपयोगाची आहे म्हणून ठेवायची, ट्रिमसाठी नव्हे. पण ती अगदी टोकाच्या नांगरपेटीत न ठेवता चालताना काठीच्या बुडाशी खोक्यात ठेवली तर झुकण्यात थोडं मिळेल आणि डोलण्यात काही जाणार नाही. अट एकच, पुढे लगेच नेता आली पाहिजे, बेमधे वारा पडला आणि ओहोटी गोल्डन गेटकडे ओढायला लागली तर नांगर शोधत बसायला वेळ नसतो.

धागाकर्त्यांची बॅटरी कुठे आहे?

---

शीडफाटका

मागच्या लॉकरमधे, टाकीच्या शेजारी. आधीच्या मालकाने ठेवलेली, मी तशीच राहू दिली. २० किलोची.

---

आडवं_गणित

मग ती उचला. आत्ता ती काट्याच्या १.८ मीटर मागे आहे. केबिनमधे पुढच्या बाकाखाली, ०.७ मीटर पुढे आणलीत तर अडीच मीटर सरकली, ५० किलो-मीटर, दीड सेंटीमीटरच्या वर. शिवाय डोलण्यातही घट, ६५ वरून १०. वाळूने जे दिलं त्यातलं दोन तृतीयांश, आणि फुकट. वायर जाड घ्या, अंतर वाढलंय. फ्यूज बॅटरीच्या जवळ. होकायंत्र जवळ असेल तर एकदा ताडून बघा.

---

शीडफाटका

(तीन आठवड्यांनी) अपडेट. धागा वर काढतोय.

केलं ते असं. मागचं पाणी काढलं आणि रबर नवीन बसवलं. बॅटरी पुढच्या बाकाखाली, पट्ट्याने आवळून. टाकी अर्धीच भरतो, तसंही वर्षभरात तेवढं जळत नाही. नांगर आणि साखळी प्लास्टिकच्या क्रेटमधे काठीपाशी. वाळू काढली, आणि दहाहजारतळी तू म्हणालास तेच, एक पिशवी खालून फाटली होती, बिछान्याखाली चौपाटी झालेली.

नाकावर आणि मागच्या फळ्यावर निळी टेप लावून मोजलं. तिघं जुन्याच जागी बसलो तरी मागचा फळा आधीपेक्षा दोन सेंटीमीटर वर. मग पुढे सरकून बसलो आणि अजून वर आला, कॉकपिटच्या भोकात पाणी काठोकाठ येऊन थांबलं, आत आलं नाही. चपला कोरड्या.

काल बर्कली. दुपारी एक वाजता निघालो, मेनमधे एक रीफ घेऊनच, मित्राला ते भित्रेपणाचं वाटलं पण दोन वाजता गप्प झाला. लाटा तशाच होत्या, आखूड, राखाडी, टोकं फुटणाऱ्या. नाक उठत होतं, म्हणजे वेळेवर उठत होतं, लाट खालून सरकून गेली की परत खाली, धप्प क्वचित. टिलर दोन बोटांनी नाही पण एका हाताने धरता आला. सहा टॅक केले त्यातले पाच झाले. सहावा मी घाईत परत बसच्या हँडलसारखा केला.

टिलर एक्स्टेंशन आणलं पण शेवटी वापरलं बायकोने. तिला पुढे बसलं की तोंडावर पाणी उडतं ते नको होतं, म्हणून ती मागे सुकाणूवर, ती आमच्यात सगळ्यात हलकी, आणि मी केबिनला टेकून दोऱ्या ओढायला. खांदेरीदादा, म्हणजे मीच नीरम झालो.

---

खांदेरी

८०-८५ किलोचं असेल तर चांगलं नीरम आहे. स्वतःहून सरकतं.

---

ऑप्टीवाली

मस्त!! ताईंना विचारा गस्टमधे (वाऱ्याचा झोत आला की) मेन कोण सोडतंय, दोरी तुमच्या हातात आणि टिलर त्यांच्या हातात असेल तर आधी ठरवून ठेवा. आमच्या एंटरप्राइजमधे (दोघांनी चालवायची डिंगी) यावरून भांडणं व्हायची.

---

शीडफाटका

झालं की काल. ठरवलंय आता, ती "सोड" म्हणाली की सोडायचं, का ते नंतर विचारायचं.

---

दहाहजारतळी

आणि ती वाळू? समुद्रात टाकलीस?

---

शीडफाटका

नाही रे, घरी आणली, कुंड्यांना घातली. पंपातून मात्र अजून येतेय, दर वेळी चिमूटभर.